अष्टपुत्रे सरांचं व्यंजन

"हा बघा, ओगलेबाई. दहा हजार वर्षांपूर्वीचा श्वास!"

अष्टपुत्रे सरांनी सोनाग्राफवरून नुकताच उतरवलेला कागद खिडकीच्या उजेडात धरला. कागद अजून कोमट होता. त्या यंत्रात एक सुई फिरत्या कागदाला जाळत जाते आणि आवाजाचं चित्र उमटतं. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत कायम जळक्या कागदाचा वास असायचा. सरांना तो आवडायचा. यज्ञशाळेत आल्यासारखं वाटतं, म्हणायचे.

"कुठे, सर?" मी विचारलं.

"कुठे काय? हा! हा करडा ढग. शब्द सुरू होण्याच्या ऐन आधी. श्वास आत ओढून काढलेलं व्यंजन आहे हे. बाहेर सोडून नव्हे, आत ओढून! हिब्रूत नाही, अरबीत नाही, सोमालीत नाही. सगळ्या आफ्रो-आशियाई कुलात ते मेलं आणि इथिओपियातल्या कुठल्याशा डोंगरावर चार-दोन हजार लोकांच्या तोंडात टिकून राहिलं. आणि सापडलं कुणाला?"

"सरांना," घैसास म्हणाला.

शिरीष घैसास सरांचा संशोधन सहायक. तो कायम सरांच्या अर्धं पाऊल मागे उभा असायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर 'सर' असेल तो प्रश्न त्याने कधी चुकवला नाही.

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. मी भौतिकशास्त्राची. पुण्यातल्या एका भाषासंस्थेत ध्वनिप्रयोगशाळा आणि टेपांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. भाषाशास्त्र मी तिथे कानावर पडेल तेवढंच शिकले. हिब्रू, अरबी, अम्हारिक, सोमाली, हौसा, बर्बर आणि प्राचीन इजिप्शियन या एकाच हरवलेल्या आईच्या लेकी, असं या विषयातले लोक मानतात. त्या आईचा आवाज कुणी ऐकलेला नाही. लेकींच्या बोलण्यात जे जे समान सापडेल त्यावरून ती कशी बोलत असावी हे ताडायचं, हा या अभ्यासाचा गाभा. काम चिकाटीचं आहे. ज्यांच्याबद्दल आदर वाटावा अशी काही माणसं या कामात मी पाहिली. अष्टपुत्रे सर त्यांतले नव्हते.

ज्या भाषेत त्यांना हे व्यंजन सापडलं तिचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या वर्षी तिची पुरेशी शोभा झाली.

"आणखी गंमत सांगतो," सर खुर्चीत बसत म्हणाले. "हे व्यंजन सगळ्या शब्दांत नाही. पाणी, रक्त, आई, आकाश, मृत्यू, इथे आहे. गुडघा, मडकं, ऊ, शिंक, इथे नाही. कळलं का? फक्त पवित्र शब्दांत! व्यवहारातल्या शब्दांतून ते झिजून गेलं, पवित्र शब्दांनी ते सांभाळलं. डिसेंबरच्या चर्चासत्रात मी हे मांडणार आहे. आणि वर्कनेशच्या प्रबंधाचं हे चौथं प्रकरण."

"तिचा प्रबंध क्रियापदांवर आहे ना?"

"होता," सर म्हणाले.

मी कागद हातात घेतला. अशा चित्रात अगदी खालच्या कडेला एक काळा पट्टा असतो. तो खोलीतल्या पंख्याच्या घरघरीचा. पंखा चालू आहे तोवर तो पट्टा सलग जायला हवा. या कागदावर तो करड्या ढगाच्या किंचित आधी तुटला होता. मी दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला. जिथे जिथे सरांचं व्यंजन होतं तिथे तिथे त्याच्या आधी पंखा एक क्षण मेला होता.

"घैसास, ही टेप जोडलेली आहे का?"

घैसासला ते लागलं. "जोडलेली नाही, मॅडम. शुद्ध केलेली. मूळ टेपेची प्रत काढली आणि तिच्यातून सरांचा आवाज काढून टाकला. ब्लेडने. एकेक प्रश्न. बोटं बघा माझी."

"विचारणारा म्हणजे पुरावा नव्हे," सर डोळे मिटून म्हणाले. "शास्त्रज्ञाने स्वतःला वगळायला शिकलं पाहिजे."

सरांनी स्वतःला कुठूनही वगळल्याचा माझ्या माहितीतला हा एकमेव प्रसंग.

*

वर्कनेश दुपारी प्रयोगशाळेत आली. ती इथिओपियाची, शिष्यवृत्तीवर आलेली, चार वर्षं पुण्यात. उंच, शांत, खांद्यावर पांढरी सुती ओढणी. आमचं बोलणं इंग्रजीत आणि तिच्या मंडईत कमावलेल्या मराठीत चालायचं. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी तिला यंत्र समजावून सांगत होते आणि ती मध्ये मध्ये चटका बसल्यासारखा श्वास आत ओढत होती. दमा असेल, म्हणून मी पाणी आणून दिलं. तिने ते पिऊन टाकलं आणि 'थँक यू' म्हणाली. पुढे मला त्याची सवय झाली, आणि सवय झालेल्या गोष्टी ऐकू येत नाहीत.

ती स्टुलावर बसली. "ताई, सर बोलले?"

"चौथं प्रकरण?"

"मी दोनदा सांगितलं त्यांना, असा वर्ण आमच्या भाषेत नाही. तर म्हणतात," तिने हनुवटी वर करून हुबेहूब सरांचा आवाज काढला, "'वर्कनेश, माशाला पाणी दिसत नाही.' मी म्हटलं, सर, मी मासा नाही, मी एम. ए. आहे."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मग मला विचारलं, तू आत्ता विद्यार्थिनी म्हणून बोलतेस की निवेदक म्हणून? निवेदक असशील तर शब्द द्यायचे. मत द्यायचं नाही."

ज्याची बोली टेपवर घेतात त्याला आमच्याकडे निवेदक म्हणत. सर आपल्या सोयीने तिला कधी एक म्हणायचे, कधी दुसरं.

"तू ती टेप ऐकलीस?"

"मला देत नाहीत. निवेदकाने ऐकली की नमुना बिघडतो."

"आणि प्रबंधावरची सही?"

"चौथं प्रकरण घातलं तर सही. नाही तर नाही. डिसेंबरअखेरीला शिष्यवृत्ती संपते. मग इथे राहायचा परवाना पण संपला. प्रबंध दिल्याशिवाय घरी गेले तर मला पुन्हा कोण पाठवणार, ताई? आमच्याकडे लढाई, दुष्काळ, काय काय चाललंय, तुम्ही पेपरात वाचता."

"समज, घातलंस. एक प्रकरण. काय बिघडेल?" तिच्या मनात काय आहे ते मला नेमकं हवं होतं.

ती म्हणाली, "आमच्या भाषेवर आजपर्यंत एक पण पुस्तक नाही. हे पहिलं. पहिल्यात खोटं असलं की पुढे येणारे सगळे तेच उतरवून घेणार. मी मेल्यावर आमचीच पोरं वाचतील, आपले लोक असं बोलायचे? आणि म्हणतील, वर्कनेश तर आपलीच, तिनेच लिहिलंय."

मी तिला कागद दाखवले. "हा पट्टा बघ, पंख्याचा आहे. पंखा चालू असेपर्यंत तो तुटायला नको."

तिने श्वास आत ओढला.

"इथे तुटलाय. म्हणजे टेप इथे कापलेली आहे."

तिने पुन्हा श्वास आत ओढला.

मी थांबले.

"काय झालं, ताई?"

"तू आत्ता काय केलंस?"

"काही नाही. तुम्ही बोला ना, मी ऐकतेय."

"तोंडाने काय केलंस?"

तिने आठवून पाहिलं. मग मुद्दाम एकदा तसाच श्वास ओढला आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "हे? हे तर आम्ही सगळे करतो. घरी, बाजारात, चर्चमध्ये. पुढचा माणूस बोलायला लागला की करायचं. हो, पुढे सांगा, मी आहे, असं. नाही केलं तर त्याला वाटतं आपण रागावलोय. मोठ्या माणसाला तर करावंच लागतं." ती थबकली. "सर मोठे आहेत."

तर हे होतं. आपण मराठी माणसं कुणी काही सांगत असलं की 'हं', 'हं' करतो, तसलाच हुंकार. आपला श्वास बाहेर जातो, त्यांचा आत येतो. माशाला पाणी दिसत नाही हे सरांचं म्हणणं खरंच होतं. टेप घेतली त्या खोलीत मासे दोन होते, एवढंच.

कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती. मी मूळ रीळ काढून यंत्रावर चढवलं. टेपवर सरांचा आवाज आला, भरदार, घशात तूप घातल्यासारखा.

"आता लक्ष दे, वर्कनेश. पाणी. पाणी म्हणजे केवळ द्रव नव्हे. नाईलच्या काठी पहिल्या माणसाने ओंजळ भरली…" इथे वर्कनेशचा श्वास. "…आणि त्या ओंजळीत त्याला आकाश दिसलं…" श्वास. "…तेव्हा त्याच्या मुखातून जो उद्गार निघाला असेल, त्या अर्थाने मी विचारतो आहे. पाण्याला तुझी आजी काय म्हणायची?" श्वास, आणि लगेच शब्द.

घैसासने ओंजळ, आकाश आणि नाईल ब्लेडने काढून टाकली होती. प्रश्न संपला तिथे कापलं होतं. शेवटचा श्वास तेवढा शब्दाला चिकटून राहिला होता.

मी टेप पुढे नेली.

"गुडघा?" सरांनी विचारलं होतं. तिने शब्द सांगितला. श्वास नाही, काही नाही. गुडघ्याबद्दल सरांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही दोघींनी एकेक शब्द तपासला. रक्तावर व्याख्यान, आईवर व्याख्यान, मृत्यूवर तर इतकं लांब की टेप बदलावी लागली होती. मडकं, ऊ, शिंक, एकेक शब्दाचा प्रश्न. ज्या शब्दाआधी सर बोलले होते तो शब्द पवित्र ठरला होता.

वर्कनेश हसता हसता रडली, की रडता रडता हसली, हे मी नीट पाहिलं नाही. मी रीळ गुंडाळत होते.

*

दुसऱ्या दिवशी मी कागद आणि रीळ घेऊन सरांच्या खोलीत गेले. सगळं क्रमाने सांगितलं. माझं बोलणं फार वेळ चालत नाही.

"झालं?" सर म्हणाले.

"हो."

"ओगलेबाई, तुम्ही माझाच आवाज मला ऐकवायला आलात?"

"तो ऐकल्याशिवाय तिचा आवाज कळत नाही, सर."

"शास्त्रात निरीक्षक वगळायचा असतो. एवढं तरी तुम्हाला भौतिकशास्त्रात शिकवलं असेल."

"वगळण्याआधी तो तिथे होता याची नोंद करायची असते. तेही शिकवलं होतं."

घैसासने कोपऱ्यातून माझ्याकडे, देवळात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "मॅडम, सरांनी यावर दोन वर्षं घालवलीत."

"म्हणून ते खरं होतं का?"

"बाई," सर एकदम मऊ आवाजात म्हणाले. ते मऊ झाले की समजायचं, आपल्याला दारापर्यंत सोडायला निघालेत. "यंत्र चांगलं सांभाळता तुम्ही. सगळे म्हणतात. ते सांभाळा. भाषा आमच्याकडे राहू द्या. आणि ती मुलगी तुमच्याकडे येऊन रडते, ते मला कळलेलं आहे. तिला म्हणावं, सही स्वस्त नसते."

मी निघाले. दारातून मागे वळून एवढंच विचारलं, "चर्चासत्राला टेप वाजवायला मीच असेन ना?"

"अर्थात. तुमच्याशिवाय कोण?"

*

चर्चासत्र रीतसर झालं. दीपप्रज्वलन झालं. सभागृहाच्या पंख्याने समई दोनदा विझवली, तेव्हा घैसास पंखा बंद करायला धावला. शारदेची प्रार्थना झाली, शाली झाल्या, नारळ झाले. अध्यक्ष होत्या डॉ. रिबका नवगावकर. अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू घरातल्या. सगळं आयुष्य हिब्रू आणि अरबी शिकवण्यात गेलेलं, आणि आता विद्यापीठाच्या संशोधन समितीवर होत्या. अंगाने लहानखुऱ्या. शाल आणि नारळ त्यांनी ताबडतोब पिशवीत टाकला आणि पिशवी पायाशी ठेवली.

सरांचा परिचय घैसासने करून दिला. मग सर उभे राहिले आणि नाईलपासून निघाले. त्यांनी हरवलेल्या आदिमातेला आवाहन केलं. एक पिढी जाते, दुसरी येते, पण पवित्र शब्द आपला पहिला श्वास विसरत नाही, असं म्हणाले. मागच्या रांगेतले विद्यार्थी वहीत काहीतरी लिहीत होते. बहुधा फुली-गोळा.

"आता पुरावा ऐका. ओगलेबाई, 'पाणी'."

मी घैसासची शुद्ध टेप लावली. श्वास, शब्द. "रक्त." श्वास, शब्द. "आई." सर डोळे मिटून उभे होते. टाळ्या पडल्या.

नवगावकरबाईंनी चष्मा काढून पुसला. "छान. पण अष्टपुत्रे, प्रश्न कुठाय?"

"कसला प्रश्न?"

"ही मुलगी आपणहून 'आई' म्हणत बसली नसेल ना. तुम्ही काहीतरी विचारलं असेल. ते कुठाय?"

"तो भाग काढलेला आहे. केवळ माझाच आवाज आहे त्यात."

"मग लावा की. आज सकाळपासून आम्ही तोच तर ऐकतोय. मूळ टेप आहे ना?"

"ती… इथे लगेच…"

"आहे," मी म्हणाले.

मूळ रीळ मी सकाळीच दुसऱ्या यंत्रावर चढवून ठेवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. मी कळ दाबली.

सभागृहात सरांच्या डोक्यावर सरांचा आवाज घुमला. "आता लक्ष दे, वर्कनेश. पाणी. पाणी म्हणजे केवळ द्रव नव्हे…" ओंजळ आली, श्वास आला. आकाश आलं, श्वास आला. विद्यार्थ्यांनी माना वर केल्या. मी मध्ये न थांबवता गुडघ्यापर्यंत नेलं आणि बंद केलं.

दुसरा कुणी असता तर त्याला तिथेच समजलं असतं. पण सरांचा चेहरा उजळला.

"पाहिलंत? पाहिलंत ना? वाक्यांच्या मध्येसुद्धा ते व्यंजन येतंय! म्हणजे ते माझ्या कल्पनेपेक्षाही खोल आहे! आपण आत्ता प्रत्यक्षच बघू. वर्कनेश, इकडे ये."

ती पहिल्या रांगेतून उठली, मंचावर गेली. सरांनी ध्वनिक्षेपक तिच्या तोंडासमोर धरला.

"म्हण. पाणी."

तिने शब्द म्हटला. नुसता, स्वच्छ.

"नाही, नाही. नीट म्हण. पुन्हा."

पुन्हा नुसता शब्द.

"असं बघ, वर्कनेश," सर समजावू लागले, "तू घाबरली आहेस."

ध्वनिक्षेपकातून सगळ्या सभागृहाला ऐकू गेला तो चटका. श्वास आत.

"हाच! ऐकलंत? आता हाच शब्दाच्या आधी आण. म्हणजे मनात आधी त्या पाण्याची कल्पना कर…" श्वास. "…आजी तुझी विहिरीवर उभी आहे…" श्वास. "…ऐकलंत, मंडळी? प्रत्येक वेळी!"

हशा मागच्या रांगेतून सुरू झाला आणि रांगेरांगेने पुढे आला. वर्कनेश हसत नव्हती. वडिलांसमोर उभं राहावं तशी मान किंचित झुकवून उभी होती, आणि सर बोलत होते तोवर मान देत होती. ती काही करून दाखवत नव्हती. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

"अष्टपुत्रे," नवगावकरबाई म्हणाल्या. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला नाही. गरजही नव्हती. "आमच्या अलिबागकडे कुणी म्हातारं माणूस गोष्ट सांगायला बसलं की आम्हा पोरांना 'हं' म्हणावं लागायचं. 'हं' बंद झालं की कळायचं, पोर झोपलं. तुमच्या या सगळ्या पुराव्याने इतकंच सिद्ध झालंय की तुम्ही बोलत असताना ही मुलगी जागी होती. तेही काही कमी नाही."

"बाई, हा विषय इतका हलक्यात…"

"आम्ही शनिवार तेली हो. शनिवार तेवढा पाळला, एरवी पिढ्यान्‌पिढ्या घाणा फिरवला. तेल गळतंय की नुसतंच लाकूड करकरतंय, हे आम्हाला आवाजावरून कळतं." त्यांनी पिशवी उचलली. "चहा झाला असेल ना?"

*

यातून काय झालं म्हणाल तर फारसं काही नाही. विद्वान माणसं हशाने मरत नाहीत. पुढे सरांच्या पंच्याहत्तरीला गौरवग्रंथ निघाला. त्यात घैसासने त्या व्यंजनाला 'अष्टपुत्रे-वर्ण' असं नाव दिलं, आणि समकालीनांना त्याचं मोल कळलं नाही अशी खंत व्यक्त केली. तोवर घैसासच विभागप्रमुख झाला होता आणि त्याच्या अर्धं पाऊल मागे दुसराच कुणी उभा राहायला लागला होता. वर्कनेशने आपल्या भाषेचं लिहिलेलं व्याकरण माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर, संभाषणातल्या शिष्टाचाराखाली, त्या श्वासाबद्दल एक ओळ आहे. एकच.

पण सहीचं सांगायचं राहिलं.

चर्चासत्रानंतरच्या सोमवारी ती प्रबंध घेऊन सरांच्या खोलीत गेली. चौथं प्रकरण त्यात नव्हतं. प्रयोगशाळेच्या दाखल्यावरही सरांची सही लागत होती, म्हणून मी बरोबर होते. सही नाकारायची तर मार्गदर्शकाला लेखी कारण द्यावं लागे आणि ते कारण संशोधन समिती वाचे. समितीवर नवगावकरबाई होत्या. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरीही हातात काही पडल्याशिवाय सरांना पेन उघडायचं नव्हतं.

"बस," ते तिला म्हणाले. "ओगलेबाई, तुम्हीही थांबा."

ती बसली. मी उभी राहिले.

"मी सूड घेणारा माणूस नाही," सर म्हणाले. "सही मी करणार आहे. चौथं प्रकरणही नको. फक्त परिशिष्टात एक ओळ टाक. 'असा वर्ण असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' एवढंच. कुणाचं काही जात नाही. तू नुसतं हो म्हण, घैसास टाइप करून घेईल."

ते थांबले. तिच्या श्वासाची जागा होती ती.

वर्कनेश त्यांच्याकडे पाहत होती. ओठ मिटलेले.

"तुला कल्पना नाही, शास्त्रात शक्यता किती महत्त्वाची असते," सर पुढे म्हणाले, आणि थांबले.

काही नाही.

"नाईलच्या काठी जेव्हा…" ते म्हणाले. "म्हणजे, माणसाने जेव्हा पहिल्यांदा…" आणि अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसा त्यांचा आवाज लटपटला. "ऐकते आहेस ना?"

ती ऐकत होती. डोळे त्यांच्या चेहऱ्यावरच होते. खांदे मात्र ओढणीखाली ताठ झाले होते, आणि तिने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या. इतकी वर्षं दुसऱ्याच्या प्रत्येक वाक्याला दिलेली गोष्ट ती आत धरून बसली होती.

सरांनी आणखी दोन वाक्यं सुरू केली. दुसरं पूर्ण झालं नाही. खोलीत फक्त पंख्याची घरघर उरली. सलग, कुठेही न तुटलेली.

मग ते माझ्याकडे वळले. "ओगलेबाई, तुम्ही तरी… माझा मुद्दा तुमच्या लक्षात येतोय ना?"

मी त्या माणसाला वर्षानुवर्षं 'हं' म्हणत आले होते. यज्ञशाळेला 'हं', पवित्र शब्दांना 'हं'. आपल्याकडे मुलीला बोलता येण्याआधी 'हं' येतं आणि मग तेवढ्यावर तिचं सगळं आयुष्य निभावतं. आत्ताही ते घशाशी आलं होतं.

मी पंख्याकडे पाहिलं.

सरांनी पेन उघडलं. प्रबंधावर सही केली, मग दाखल्यावर. इतकं दाबून की निब कागदात रुतलं. कागद त्यांनी आमच्याकडे सरकवले आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

व्हरांड्यात आल्यावर वर्कनेश भिंतीला टेकली. छातीवर हात ठेवला.

"ताई, किती अवघड आहे हो हे. इथे दुखतं."

"होईल सवय," मी म्हणाले.

तिने छोटासा श्वास आत ओढला.